एकशे साठ लाकडी पाय

सासऱ्यांनी शिवलेल्या बुटांच्या फोटोला साडेचार हजार बदाम पडले, तेव्हा सुनेने मोठ्या ऐटीत फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, तो लाल बदाम नीट निरखला आणि विचारलं, "बदाम भरपूर आले गं. पाय किती आले?"

पाय एकही आला नव्हता.

सासरे बूट शिवायचे, पण साधे नव्हेत. ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, ज्याची बोटं एकमेकांवर चढलेली, ज्याला जगातल्या कुठल्याच दुकानातला जोड होत नाही, अशा माणसांचे. त्यांच्याकडे पेशंट पाठवणारे हाडांचे डॉक्टर म्हातारे होऊन घरी बसले आणि इकडे गिऱ्हाईक आटलं. सासरे तरी रोज सकाळी दुकान उघडायचे, चामडं कापायच्या रापीला धार लावायचे आणि संध्याकाळी तीच न वापरलेली धार पुसून ठेवायचे. एके काळी जेवताना त्यांचं तोंड बंद करायला सासूबाईंना भाजी दोनदा वाढावी लागायची. सासूबाई गेल्या, गिऱ्हाईक गेलं, आता हा माणूस मुकाट जेवून उठायचा. ते सुनेला बघवत नव्हतं.

त्यात तिचा धंदाच हा. जाहिरातीच्या ऑफिसात सहा वर्षं तिने फोटोखाली कोणते हॅशटॅग टाकायचे एवढंच ठरवलं होतं. "बाबा, जिथे गर्दी तिथे आपली पाटी लावायची," असं सांगून तिने मोजून तीस हॅशटॅग ठोकले. #फॅशन, #ट्रेंडिंग, #हस्तकला, #विंटेज, #लाकूडकाम, #सुंदरघर. फोटोही दृष्ट लागावी असा. खिडकीतून आलेलं ऊन, पुढे एक जोड आणि मागे फळ्यांवर एकशे साठ लाकडी पाय. गिऱ्हाइकांच्या पायांचे ते साचे सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तासलेले, जोडीजोडीने ठेवलेले, प्रत्येक जोडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली.

त्या तीस पाट्यांनी शेवटी एक माणूस आणलाच. तो हॉटेलं सजवणारा होता. #विंटेज शोधता शोधता त्याला फोटो दिसला होता. त्याला बूट नको होते, लाकडी पाय हवे होते, सगळेच्या सगळे, नव्या हॉटेलच्या भिंतीवर टांगायला. शनिवारी नेतो म्हणाला. "चिठ्ठ्या तेवढ्या काढून ठेवा हं, लाकूड कसं मोकळं दिसलं पाहिजे."

सासरे हो म्हणाले. चुलीत जाण्यापेक्षा भिंतीवर बरे, एवढंच बोलले आणि रापी कापडात गुंडाळून खणात ठेवून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुनेला वाटलं, आपण गप्प बसलो असतो तर दुकान निदान आणखी काही महिने उघडं तरी राहिलं असतं.

गुरुवारी दुपारी सासरे घरी पडले होते आणि ती दुकानात कात्री घेऊन बसली. दोरा कापायचा, चिठ्ठी टोपलीत, पाय खोक्यात. पहिल्या वीसेक तिने न बघताच कापल्या. मग एकीवर नजर गेली.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. सासऱ्यांनी आयुष्यात साच्यावर नाव म्हणून लिहिलं नव्हतं. "नाव त्याचं त्याला ठाऊक असतं, दुखणं मला ठाऊक पाहिजे," असं ते म्हणायचे. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'उजवा पाऊण इंच आखूड. जिना उतरताना भिंत धरते.' तिने पुढची वाचली. 'दोन पाय दोन मापं. प्रत्येक वेळी दोन जोड विकत घेतो.' त्याच्या पुढची, 'टाच टेकत नाही. वर्गात मुली हसतात. बुटाचा आवाज होता कामा नये.'

ती कात्री खाली ठेवून रडली. आणि रडता रडता स्वतःवरच चिडली. सहा वर्षं हॅशटॅग टाकले, पण ते दुसऱ्या टोकाला कोण शोधतंय हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. ज्याचा पाय आखूड तो फोनवर फॅशन कशाला शोधेल? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तो आपलं जळणंच शोधत असतो. सासऱ्यांना ते फोनशिवाय कळलं होतं.

शनिवारचा शब्द दिलेला होता म्हणून उरलेल्या चिठ्ठ्याही तिने कापल्या, पण एकेक वाचून. मग तिने एकाच जुन्या बुटाचा फोटो काढला, आतला पाऊण इंच वाढवलेला तळ दिसेल असा. कोणाची चिठ्ठी दाखवली नाही. ते ज्याचं त्याचं. खाली फक्त चार हॅशटॅग: #एकपायआखूड, #दोनपायदोनमापं, #जिनाउतरतानादुखतं आणि चौथा आपल्या वस्तीचा.

शुक्रवारी रात्रीपर्यंत नऊ बदाम पडले. त्यातला एक तिच्या नवऱ्याचा आणि दुसरा त्याच्याच दुसऱ्या खात्यावरून.

शनिवारी हॉटेल सजवणारा टेम्पो घेऊन आला. खोकी दाराशी लागली होती. तेवढ्यात नर्सच्या पोशाखातली एक बाई पायरीपाशी येऊन थांबली. पायरी चढायला तिने भिंत धरली आणि सासऱ्यांची नजर लगेच तिच्या डाव्या पायावर गेली.

"तो फोटो तुमचाच का?" तिने विचारलं. पिशवीतून तिने एक बूट काढला. आत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या होत्या. "बारा-बारा तास उभी असते हो मी. 'एक पाय आखूड' एवढंच शोधायचे. ऑपरेशनच निघायची नुसती. परवा पहिल्यांदा बूट निघाला."

सासऱ्यांनी तिला स्टुलावर बसवलं, पाय हातात घेतला, टाच अंगठ्याने दाबून बघितली. त्यांचा चेहरा बघून सुनेचा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "सूनबाई, अशाच पायाचा एक जोड आहे आपल्याकडे. त्यावरून लवकर जमेल. डावा अर्धा इंच. चिठ्ठी बघून दे बरं."

सुनेने टोपलीकडे बघितलं. टोपलीत ऐंशी चिठ्ठ्या, खोक्यांत एकशे साठ पाय. कुठली चिठ्ठी कुठल्या पायाची, हे आता कोणाला ठाऊक?

"बाबा, चुकलंच माझं. मी सगळ्या कापून एकत्र केल्या."

सासऱ्यांनी नर्सबाईचा पाय अलगद खाली ठेवला. मग वाकून त्यांनी पहिलं खोकं उघडलं, एक लाकडी पाय हातात घेतला, तळव्यावरून बोट फिरवलं. "हा पोस्टमन. टाच झिजवायचा. हिचं लग्न लांबलं होतं, पायामुळे. हा शिक्षक, गेला बिचारा." एकेक पाय बाहेर येत होता आणि एकेक माणूस. सून चिठ्ठ्या शोधून बांधत होती, तिसऱ्या खोक्यापासून नर्सबाई दोरा धरायला लागली. हवा होता तो जोड चौथ्या खोक्यात सापडला, तरी सासरे थांबले नाहीत. हॉटेल सजवणारा दोनदा घड्याळ बघून खाकरला.

"तुम्ही निघा," सासरे त्याला म्हणाले. "एवढी माणसं भिंतीला टांगवत नाहीत मला."

एका गिऱ्हाइकाने दुकान चालत नाही, हे सुनेलाही कळत होतं आणि त्यांनाही. पण फळ्या परत भरल्या, रापी खणातून बाहेर आली, आणि त्या दिवशी जेवताना सासरे त्या पोस्टमनबद्दल इतकं बोलले की भाजी दोनदा वाढावी लागली.

नव्या साच्याची चिठ्ठी त्यांनी सुनेला लिहायला दिली. आजवर ती पेन्सिल त्यांनी कोणाच्या हातात दिली नव्हती. तिने लिहिलं, 'डावा अर्धा इंच आखूड. बारा तास उभी असते.' आणि सवयीने सुरुवातीला हॅशटॅगची खूण काढली.

"ही जाळी कसली?" सासऱ्यांनी विचारलं.

"ज्याला दुखतं त्याला आपण सापडावं म्हणून असते, बाबा."

पुढच्या आठवड्यात दोन पाय दोन मापांचा एक गृहस्थ आला. त्याची चिठ्ठी सासऱ्यांनी स्वतः लिहिली. आधी ती जाळी काढली, सावकाश, चार रेघांत, आणि मग दुखणं लिहिलं.