रघूला समजावायला गेलो तेव्हा

सुलक्षणा माझी मावसबहीण. रघुवीरशी तिचं लग्न मीच जमवलं, म्हणून तेहतीस वर्षं त्याच्या प्रत्येक खोडीचा जाब ती मलाच विचारत आली होती. या खेपेला तिने जाब विचारला नाही, फोनवर नुसती रडली. रघूने मंगळवारची पहिली केमो परस्पर रद्द केली होती.

"श्रीनिवास, तो तुझं ऐकतो. संडेला फिशिंगला जाल ना, तेव्हा बोल त्याच्याशी. हो म्हणवूनच आण."

रघू माझं कधीच ऐकत नसे. तरी मी बरं म्हणालो. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमोने फार तर दोन-तीन महिने जास्त मिळाले असते. लीड्सच्या हॉस्पिटलात तो सर्जन होता आणि मी भूल देणारा. असली पोटं आम्ही दोघांनी किती उघडली आणि तशीच शिवून टाकली, ते मला विचारू नका. पण आपला माणूस म्हटल्यावर आकडे गेले खड्ड्यात. मला तो हवा होता, दोन महिने तर दोन महिने.

२००६ चा एप्रिल होता. आमची नदी लीड्सपासून तासाभरावर, धरणाच्या खाली. पाणी धरणाच्या तळातून सोडतात, त्यामुळे काठावर डॅफोडिल्स फुलली तरी नदीत उतरलं की हाडं गारठतात. छातीपर्यंतचे रबरी वेडर्स चढवून आम्ही उतरलो. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, आणि लागलेला ट्राउट परत सोडून द्यायचा, असा क्लबचा नियम. मी सारस्वत माणूस. चांगला अर्धा किलोचा मासा सोडून देणं दरवेळी माझ्या जिवावर येतं.

"रघू, मंगळवारचं..." मी सुरुवात केली.

"मासे पळतात," तो म्हणाला. असं चार वेळा झालं.

दहाच्या सुमाराला त्याच्या गळाला ट्राउट लागला. पूर्वी त्याने दोन मिनिटांत जाळीत घेतला असता. आता रॉड धरलेला हात लटपटत होता. मी मदतीला गेलो तर माझ्यावर खेकसला. मासा जवळ यायला पंधरा मिनिटं लागली आणि तोवर त्याच्यातला जीव संपत आला होता.

रघूने त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरलं. कल्ल्यांतून पाणी गेलं की माशाला दम येतो. पण हात जरा सैल केला की मासा उलटा व्हायचा. रघू त्याला पुन्हा सरळ करायचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रघूचे ओठ निळे पडले, बोटं मिटेनात. मध्येच कल्ले किंचित हलायचे आणि रघूला पुन्हा हुरूप यायचा.

माझं डोकं फिरलं. या थंडीत हा स्वतःच आडवा होईल, याची मला भीती वाटत होती.

"पुरे कर आता," मी ओरडलो. "तो जगत नाही, दिसतंय तुला. उगाच हाल चाललेत त्याचे. शांतपणे जाऊ दे."

बोलून झालं आणि मग आपण काय बोललो ते मला कळलं.

रघूने हात काढले. मासा पांढरं पोट वर करून वाहत गेला. रघू माझ्याकडे बघत होता. मला शब्दात पकडल्याचा आनंद वगैरे त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. तो फक्त फार थकला होता.

"असंच सांग तिला," तो म्हणाला. "माझ्याने सांगवत नाही रे."

मी त्याचा हात धरून त्याला काठावर आणलं.

खाली दरीत मोबाइलला रेंज नव्हती. गाडी वरच्या रस्त्याला लागली तसा फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली.

"बोललास? काय म्हणाला?" सुलक्षणाने विचारलं.

आयसीयूच्या दाराशी उभं राहून मी शेकडो नातेवाइकांना हेच सांगितलंय. त्यातलं एकही वाक्य आठवेना. आवाज तुटतोय तुझा, असं खोटंच सांगून मी फोन कट केला.

"ती परत करेल," रघू म्हणाला.

तिने केला.