खंडेनवमीची बाटली

मुलांनो, डोळे मिटा आणि दोन बाटल्या समोर आणा. दोन्हींत उकळून हवा काढलेलं पाणी, दोन्हींत वजन करून सोडलेली लोखंडाची पट्टी, बुचं घट्ट. फरक एवढाच की एकीत फुटक्या पाइपातला चिमूटभर काळा गाळ टाकलाय. त्यात जंतू आहेत. दुसरीत एकही नाही. आता लोखंड कुठं झिजतं ते बघायचं.

मुकुंदवाडीच्या प्रयोगशाळेत कालिंदीच्या आईनं, दमयंतीबाईंनी, अशाच बाटल्या मांडल्या होत्या. तो पाइप करमाडकडच्या एका वाडीचा. त्याला भोकं पडली, ती वाडीत पाणी सोडणाऱ्या बन्सीनंच पाडली असं म्हणून त्याचं काम काढून घेतलं होतं. लोखंड जंतूंनी खाल्लं असं ठरलं, तरच तो सुटणार होता.

शाळा सुटली की कालिंदी बाटल्या बघायला यायची. गाळाची पट्टी काळी पडत चालली होती, दुसरी लख्ख. मग आली खंडेनवमी. प्रयोगशाळेचे प्रमुख केशवरावसाहेब हळदकुंकू घेऊन अवजारांच्या पूजेला स्वतः निघाले. तराजू झाला, सूक्ष्मदर्शक झाला, चहाची किटलीसुद्धा झाली.

"साहेब, ती बाटली उघडू नका," आई म्हणाली.

"का? तिनं काय घोडं मारलंय?" साहेबांनी बूच काढलं, लख्ख पट्टी बाहेर घेऊन हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि ती परत आत सोडली.

दिवाळीनंतर तीही गंजली. साहेबांनी बन्सीला बोलावून निकाल ऐकवला, "जंतू नसतानाही लोखंड गंजलं. म्हणजे जंतू निर्दोष!"

"पण एक काळी आहे, एक तांबडी," कालिंदी म्हणाली.

"गंज तो गंज, बाळ. त्याला रंग विचारू नये."

बन्सीनं डोक्यावरची टोपी काढली. "व्हय साहेब, पाइपात म्या शिरलो आसं धरा. मग ह्या बाटलीत बी म्याच शिरलो व्हतो का?"

सगळे पंख्याकडं बघू लागले.

साहेबांचा आवाज चढला. "म्हणजे माझी पूजा बाधली म्हणायचंय?"

आता होय कोण म्हणणार? पंख्याला एवढे भक्त कधीच मिळाले नव्हते.

"पूजा नाही, साहेबकाका. उघडलेलं बूच. तिथनं हवा शिरली," कालिंदी म्हणाली.

"कशावरून?"

कालिंदीनं आईकडून तीन नव्या बाटल्या भरून घेतल्या, तिन्हींत कोऱ्या पट्ट्या. एकीत बन्सीकडून गाळ टाकून घेतला, दुसरी बंदच ठेवली आणि तिसरी साहेबांच्या हातात देऊन म्हणाली, "ही तुम्ही उघडा. पण हळदकुंकू न वाहता."