झाकणासकट

"सुईला घाई चालत नाही. दगड काढायचा, प्राणी नाही," असं सर सांगायचे तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आता चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता, सर निवृत्त होऊन घरी बसले होते आणि संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तिची सुई अजून दगडच टोकरत होती.

दगडात रुतलेला, पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्राच्या तळाशी राहणारा जीव. नखाएवढं निमुळतं कवच, त्याच्या तोंडाला झाकण, दोन्ही बाजूंना वाकड्या काड्या. अशांना हायोलिथ म्हणतात. ही जात आजवर कोणी वर्णिली नाही, या भरवशावर तिनं अकरा वर्षं मापं घेतली होती. नावही ठरवलं होतं, आईचं.

लेख तिसऱ्यांदा परत आला होता. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा: झाकण दाखवा.

"दाखवा म्हणे," ती पुटपुटली. "माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं मिळत नाहीत, आणि त्याला याचं हवंय."

"मी सहाव्यांदा फोटो काढणार आहे याचा," संग्रहालयाचा फोटोग्राफर म्हणाला. "पोटच्या पोरीचे एवढे काढले नाहीत."

तेवढ्यात एक कपची उडाली. कवचाच्या तोंडाशी, जागच्या जागी, झाकण बसलेलं होतं. त्यावर सात बारीक कंगोरे, मधला जाड.

तिनं सुई खाली ठेवली. उठून कोपऱ्यातला खण ओढला आणि सरांचा नमुना आणून शेजारी ठेवला. तीस वर्षांपूर्वी सरांना तो सुटा सापडला होता. कुठल्याशा शिंपल्याचं अर्धुक समजून त्यांनी त्याचं वर्णन छापलं होतं, नाव दिलं होतं. त्यावरही सात कंगोरे, मधला जाड.

"मिळालं ना झाकण? मग तोंड का उतरलं?"

"याला नाव आहे आधीच. सरांनी दिलेलं."

"पण ते तर शिंपला म्हणाले होते."

"चुकले. तरी पहिलं नाव टिकतं. नुसत्या झाकणाला दिलेलं का असेना."

"आणि आईंचं?"

ती भिंग पुसू लागली.

फोटोग्राफरनं दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, हे आपण दोघांनीच पाहिलंय. दगड परत मिटता येत नाही का?"

"अकरा वर्षं उघडता उघडेना मेला. आता मिटतोय होय?"

तिनं लेख पुढे ओढला. 'नवी जात' हे शब्द खोडले, त्याखालचं आईचं नाव खोडलं. खोडताना रेघ जरा वाकडी गेली.

निरोपाच्या दिवशी सरांनी तिला थांबवलं होतं. माझं चुकलेलं कधी सापडलं तर छापण्याआधी मला येऊन सांग, लोकांकडून कळायला नको, म्हणाले होते. ते एकदाचे गप्प बसावेत म्हणून ती "बरं" म्हणाली होती.

दोन्ही नमुने तिनं कापसात गुंडाळून एका डबीत ठेवले. भिंग पर्समध्ये टाकलं.

"सरांना फोन करा की," फोटोग्राफर म्हणाला.

"फोनवर दिसतं का त्यांना?"

डबी दोन्ही हातांत धरून, भिंतीच्या बाजूनं, ती एकेक पायरी उतरू लागली.