सरगाठ

निळ्या लोकरीचे सहा गुंडे, पिशवीत.

त्याच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख.

उशीवर तिचा उजवा हात, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

चार वीस.

"पाच वाजता शेजारीण येईल. ती लोकर तिला देऊन टाका," बायको म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून ती घरातली एकेक वस्तू अशी देऊन टाकायला सांगत होती. आधी शिलाई मशीन गेलं, मग मोठी कढई. पंप मेकॅनिक असलेल्या तिच्या नवऱ्याने सगळं निमूट पोचवलं. आज मात्र त्याने पिशवी उचलली नाही. लोकरीनंतर द्यायला तिच्याजवळ तिचं असं काही उरतच नव्हतं.

"टाका म्हणतेस, तर टाकाच शिकव," तो म्हणाला.

"अहो, काहीतरीच! पान्याचं काम आहे का ते?"

"पाचपर्यंत एक टाका पडला, तर पिशवी घरातच राहील. बोल."

ती हसली. एका बाजूनेच. "धाग्याचं शेपूट लांब ठेवा. वेढा करा. आता धागा त्यातून ओढा... सगळा नाही हो! नुसता फासा काढा. घाला सुईवर. आणि गळू देऊ नका."

गळू देऊ नका! तीस वर्षं गिऱ्हाइकांनी त्याला हेच बजावलं होतं. त्याने दातओठ खाऊन फासा असा आवळला की लोकर तटकन तुटली.

"अहो, गळतो म्हणजे सुईवरून निसटतो. पाण्यासारखा नाही!"

दुसऱ्यांदा निरगाठ बसली. तिसऱ्यांदाही.

"माणूस आहात की पक्कड?" ती खेकसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा खेकसली. "सरगाठ हवी. सरकली पाहिजे ती. धरायचं, पण आवळायचं नाही."

चार पंचावन्न. तिने डाव्या हाताने सुई उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने श्वास रोखून फासा चढवला, धाग्याला हलकी ओढ दिली. फासा सरकत आला, सुईला टेकला आणि राहिला.

तो बघतच बसला. कुठे नट नाही, वायसर नाही. एकच धागा स्वतःलाच पोटात धरून उभा. एवढे पंप उघडले, पण आत असलं काही कधी निघालं नव्हतं. त्याची नजर अंगातल्या स्वेटरवर गेली. बाहीवर त्याने बोट टेकवलं. इथे एक. शेजारी एक. खांद्यापर्यंत, पाठभर, सगळीकडे.

"हे सगळं... तू एकेक करून?"

"मग काय साच्यातून काढलं? घाला पुढचा."

दार वाजलं. शेजारीण आत डोकावली. "लोकर न्यायला आले होते, ताई."

"आज नको गं," बायको म्हणाली. सुई तिने तशीच उचलून धरली होती. "सुईवर आहे."