शेजाऱ्याची खोली

आमच्या घराला लागून कॉलेज आहे आणि कॉलेजात चित्रांचं संग्रहालय. आपण होऊन मी तिथे पाऊल टाकलं नसतं. शाळेशी माझं कधी पटलं नाही. ट्रक धरला तो हातपाय थकेपर्यंत, आणि चित्रं पाहिली ती पुढच्या ट्रकच्या पाठीवरची. संग्रहालयातल्या मॅडम एकदा घरीच आल्या.

"काका, आसपासच्या लोकांसाठी प्रदर्शन भरवतोय. एका शेजाऱ्याची खरीखुरी खोली मांडायची आहे. तुमची द्याल?"

"आणि मी झोपू कुठं, तुमच्या डोक्यावर?"

सून हसली. तिनं आणि पोरानं आधीच होकार देऊन टाकला होता.

माझी खाट, वेताची खुर्ची, रेडिओ, तंबाखूची डबी, सगळं त्या दालनात गेलं, भोवती दोरी लागली आणि दुपारी मी आत बसू लागलो. लोक हात पाठीमागे बांधून दोरीबाहेर उभे राहायचे, विचारायचे, मी सांगायचो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. घरात मला कुणी काही विचारून वर्षं झाली होती. नात शाळेबरोबर आली. घरी ही कार्टी माझ्या पाठीवर चढून कानातले केस ओढते. तिथं सगळ्यांसारखीच हात मागे बांधून उभी. "ये गं चिमणे, बस," म्हणालो, तर तिनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मला हसू आलं.

प्रदर्शन आटोपलं आणि सामान टेंपोतून परत आलं. खाट जिथल्या तिथे लागली, मी आडवा झालो, हुश्श केलं. संध्याकाळी सून चहा घेऊन आली ती उंबऱ्यावरच थांबली. कप वाकून आत सरकवला आणि मागे झाली.

"पाय मोडलाय का गं?"

"नाही बाबा. असू दे."

जेवण झाल्यावर पोरगा दारात आला. मान तिरकी करून खाटेकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे, हरवलंय काय?"

"काही नाही. छान आहे."

छान! ज्यानं या खोलीच्या तंबाखूच्या वासावरून जन्मभर नाक मुरडलं, तो!

बाहेरच्या खोलीत जावं म्हणून उठलो, की दोघं भिंतीला चिकटून वाट देतात, जसं काही काचेचं सामान चाललंय. मग सून गोड आवाजात म्हणते, "बाबा, आत बसा ना." मी शिवी हासडायला तोंड उघडतो, आणि तेवढ्यात पाय वळलेले असतात. भरल्या ट्रकनं घाट उतरताना जे पाय कधी डगमगले नाहीत, ते.

बाकी सगळं गेलं चुलीत. चिमणी आत यायला हवी होती, एवढंच मला हवं होतं. काल दुपारी पेपरमिंटची गोळी तळहातावर धरून हाक मारली. ती आली, दारापर्यंत. हात मागे. शेजारी तिची आई आणि कुणी एक अनोळखी बाई, पर्स पोटाशी धरून.

"ये गं, कान ओढ माझा."

तिनं पायाचा अंगठा उंबऱ्याला लावला आणि मागे घेतला.

"ये म्हणतोय ना! आजोबा आहे मी तुझा!" माझा आवाज फाटला. खुर्ची उचलून भिंतीवर आपटली, वेत तुटून लोंबायला लागला. अनोळखी बाई दचकली, मग तिनं पर्स काखेत मारून हलक्या हातानं टाळ्या वाजवल्या.

"किती खरं वाटतं हो," ती सुनेला म्हणाली.

गोळी हातात पाघळत होती. चिमणीनं आईचा हात ओढला आणि हळूच विचारलं,

"आई, हे किती वाजता बंद होतात?"

"पाचला."

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मी तिकडे पाहिलं नाही.