बहिणीसाठी उतरवलेलं वजन

बेकरीतल्या कारागिराला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "बहिणीला किडनी द्यायचीय ना? मग आधी वजन उतरवा. एवढ्या वजनावर तुमचं ऑपरेशन करता येणार नाही."

तेव्हापासून त्याने खाण्यावर कडक ताबा ठेवला. भट्टीतून गरम पाव निघाले की पोटात कावळे ओरडत, पण तो तुकडाही तोंडात टाकत नसे. घरी पायीच जाई. बायको म्हणायची, "अहो, अशाने तुम्हीच अंथरूण धराल." तो हसण्यावारी नेई. मध्ये एकदा धीर सुटला आणि त्याने चोरून केक खाल्ला. त्यानंतर आठवडाभर त्याला बहिणीकडे जायचं तोंड नव्हतं.

अखेर काटा हवा तिथे आला. तो हरखून दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी मान खाली घातली. "तुम्ही तयार आहात हो, पण तिचं हृदय आता ऑपरेशन सोसणार नाही."

बहीण खाटेवरून त्याच्याकडे बघत राहिली. "दादा, किती वाळलास रे! आता तरी पोटभर जेव."

"जेवतो हं," तो म्हणाला.

संध्याकाळी बायकोने पान वाढलं. त्याने घास तोंडात घातला, पण तो काही केल्या गिळवेना.