एक किलो नऊशे

"हं, उचल आता," सासूबाई म्हणाल्या. "एक किलो नऊशे."

स्वयंपाकघराच्या चौकटीत खिळा, खिळ्याला हुकाचा वजनकाटा, काट्याला लाल बादली. बादलीत अर्ध्याच्या खालीच पाणी. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून रेघा पुन्हा एकदा वाचल्या, मग बादली हुकावरून उतरवून जमिनीवर ठेवली. उचलायचं काम सुनेचं होतं म्हणून.

"डॉक्टरीणबाईंनी दोन किलोपर्यंत मुभा दिलीय. मी एक नऊशेच देते. शंभर ग्रॅम माझ्याकडून सूट."

तिनं कडी धरली, गुडघ्यात वाकून, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. बादली वर आली आणि तिच्या हातानं ताबडतोब आकडा सांगितला. दोन सातशे.

"आई, ही दोनच्या वर आहे."

"काट्याला कळतं का तुला?"

तिला दवाखान्यातून घरी येऊन तेव्हा अर्धा दिवस झाला होता.

*

तिचा हात

पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे ती सतरा वर्षं बसली. कुणी पुडकं सरकवलं की ते मशिनवर ठेवायच्या आधी ती तळव्यावर घ्यायची, जरा वर-खाली करायची आणि आकडा बोलायची. मग मशीन तोच आकडा दाखवायचं. पन्नास ग्रॅम इकडे-तिकडे, त्याहून जास्त नाही. शेजारच्या खिडकीतला कारकून नव्या गिऱ्हाइकांशी चहाची पैज लावायचा आणि ओरडायचा, "काटाबाई, बोला!" सतरा वर्षांत त्याला अकराच वेळा चहा पाजावा लागला होता.

एकच नियम ती पाळायची. पुडक्यावर वजन छापलेलं असेल तर ते वाचायचं नाही. वाचलं की हात ऐकत नाही, नुसता हो ला हो म्हणतो.

दिसायला चारचौघींसारखी, शिक्षण बेताचं, स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली नाहीत आणि कुणी तो नावाजलाही नाही. हात तेवढा तिचा होता.

*

सहाशे चाळीस ग्रॅम

हे दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं. गर्भाशय, गाठींसह.

काढल्यावर ते ट्रेमध्ये घालून नवऱ्याला दाखवलं होतं, तशी पद्धत असते. तिला कुणी दाखवलं नाही. तिनं त्याला विचारलं, "अहो, कशी होती हो पिशवी?"

"होती एवढी." त्यानं मूठ दाखवली, मग दुसरी मूठ तिला जोडली. तो भंगाराचा व्यापारी. यार्डात दिवसभर पत्रा, तार, फुटके नळ. "पण काय गं उपयोग, भंगारातसुद्धा कुणी घेतली नसती."

सासूबाई हसल्या. तीही हसली आणि टाक्यांवर हात दाबून धरला.

*

सत्तावीस खेपा

घरातल्या नळाला पाणी चढत नव्हतं. मागच्या अंगणात नळ, मोरीत पिंप, मध्ये एकोणीस पावलं आणि दोन पायऱ्या. पूर्वी ती दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन सहा खेपांत पिंप भरायची. आता त्याच पिंपाला सत्तावीस. सासूबाईंचे गुडघे गेलेले. नवरा सकाळी सातला यार्डात.

"नियमाबाहेर एक थेंब नाही," सासूबाईंनी फोनवर सगळ्या नात्यागोत्यात सांगितलं. "मी काटाच लावलाय घरात. उद्या कुणी म्हणायला नको, सासूनं राबवलं."

पहिल्याच दिवशी त्यांनी बादलीवर आतून ऑइलपेंटची रेघ मारून घेतली. पांढरी, करंगळीएवढी. इथपर्यंत भरायची.

तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता.

"बादली एक नऊशेची नाहीये हो. दोन सातशेची आहे."

"जड लागणारच. पोट कापलंय. आता पीस उचललंस तरी ओझं वाटेल."

"जड लागतंय असं नाही म्हणत मी. दोन सातशे आहे असं म्हणतेय."

"तेच ते."

"तेच नाही ते."

"बरं बाई, नाही तर नाही." त्यानं दुसरा बूट काढला. "जेवायला वाढ."

त्यानं तो काटा यार्डातूनच आणला होता, जुना, पितळी तबकडीचा. यार्डातल्या काट्यांबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं, हे लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण ते बाहेरच्यांसाठी. घरातल्या माणसाला कोण खोटं मापेल?

म्हणजे खोटा पडला तो हात.

*

एक किलो, छापील

पिठाचं बंद पाकीट तिनं हातावर घेतलं. हात म्हणाला, एक किलो. पण पाकिटावर ते ठळक छापलेलं होतं आणि ते तिनं आधीच वाचलं होतं. ही परीक्षा नव्हे.

मग ते काट्याला लावून पाहावं म्हणून तिनं हात वर केले. हुक तिच्याहून उंच सासूबाईंच्या बेतानं टांगलेला. टाचा उचलल्या तशी पोटात खालून वर चिरत गेलेली कळ आली आणि पाकीट पडलं, फुटलं.

सासूबाई आल्या. जमिनीवरचं पांढरं बघितलं.

"हे काय चाललंय?"

"वजन बघत होते."

"छापलेलं असतं गं त्याच्यावर! शिकलेली ना तू?" मग केरसुणी आणून तिच्यापुढे ठेवली. "ही काही दोन किलोची नाही."

*

अकराव्या दिवशी डाग दिसला. रुपयाएवढा, ताजा. तिनं सासूबाईंना दाखवला.

"असतंच ते. तीन बाळंतपणं काढली मी, डाग दाखवत कुणाच्या मागे फिरले नाही." आणि जरा वेळानं, मऊ आवाजात, "आज दोन खेपा कमी कर. मी कुठे नाही म्हणतेय?"

दुपारी कारकुनाचा फोन आला. "काटाबाई, कधी येताय? खिडकी ओस पडलीय. तुमच्या जागी पाठवलाय तो पाकिटाला हात लावायच्या आधी रुमाल शोधतो."

"माझा हात गेला," ती म्हणाली.

"म्हणजे? लागलं काय?"

"नाही. आकडा चुकतो. आठशे-आठशे ग्रॅमनी चुकतो."

मग कारकून म्हणाला, "भूल उतरली नसेल अजून." नेहमी कुठलीही पैज घेणारा माणूस, पण त्यानं या वाक्यावर चहा लावला नाही.

तिनं फोन ठेवला आणि तळवा उघडून पाहिला. पिशवी काढताना त्यांनी आणखी काय काय काढलं असेल, ते कागदावर कुठे लिहिलेलं असतं?

*

दोन सातशे पन्नास

रविवारी लेक आली. सोबत तिची सासू, आणि कापडात गुंडाळलेली महिन्याची मुलगी. बाळ जन्मलं तेव्हा ही आजी स्वतःच रक्तस्रावानं अंथरुणावर, मग दवाखाना. नात तिनं फोनवरच पाहिलेली. जन्मताना अशक्त होती, म्हणून दर शुक्रवारी वजन करून कार्डावर लिहीत. लेकीला ते आकडे तोंडपाठ.

अठरावा दिवस होता. सकाळच्या सत्तावीस खेपा करून तिनं केस विंचरले होते आणि हात कोपरापर्यंत साबणानं धुतले होते. बाळ हातावर आलं की हात एक तर आकडा सांगेल, नाही तर सांगणार नाही. त्याची तिला भीती होती. पण घ्यायचं होतंच.

तिनं दोन्ही हात पुढे केले.

"अगं अगं अगं!" सासूबाई ओरडल्या. "दोन किलो!"

"हो गं आई, नको," लेक म्हणाली. "परवाच झाली दोन सातशे पन्नास."

हा आकडा ऐकायला नको होता. आता हात हो ला हो म्हणणार.

"बसून घेते ना. मांडीवर द्या."

"बसून काय नि उभ्यानं काय," नवरा म्हणाला. "नियम तो नियम."

"आणि उद्या टाका उसवला," विहीणबाई म्हणाल्या, "तर नाव आमच्या पोरीचं. आली नि आजीला पाडलं."

तिनं हात मागे घेतले. रिकामे हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून पदराचं टोक धरलं.

सासूबाईंना मात्र उत्साह आला होता. "आपल्याकडेपण काटा आहे बरं का विहीणबाई. बघू या, पोरीनं आणखी किती अंग धरलंय." चादरीची झोळी केली, बाळाला आत घातलं, नवऱ्यानं झोळीची गाठ हुकाला अडकवली. दारात, जिथे रोज बादली असते तिथे, बाळ जरा गोल फिरलं.

सासूबाईंनी चष्मा ओढला. "एक किलो... नऊशे... आणि वर अर्धी रेघ."

"किती?" लेक म्हणाली.

"एक नऊशे."

"असं कसं? शुक्रवारी दोन सातशे पन्नास होती!" लेकीचा आवाज फाटला. "दोन दिवसांत आठशे ग्रॅम? बाबा, उतरवा तिला! काय झालंय माझ्या बाळाला?"

"तरी मी म्हणत होते," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हिचं दूध पुरत नाही."

लेकीनं बाळ छातीशी धरलं आणि हुंदके द्यायला लागली. तसा नवरा हसला. मोकळं, मोठ्यानं.

"रडतेस काय वेडाबाई! अगं, तो खरेदीचा काटा आहे. किलोमागे तीनशे खातो. लोक पत्रा विकायला आणतात ना, त्यांच्यासाठीचा. तुझी पोरगी आहे तेवढीच आहे."

लेक रडता रडता हसली. सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, आधी नाही सांगायचंस? जीव गेला असता पोरीचा." विहीणबाईंनी एकदा काट्याकडे, एकदा व्याह्यांकडे पाहिलं. "धंदा म्हटला की चालायचंच," त्या म्हणाल्या.

सगळ्यांचं हसून होईपर्यंत ती भिंतीशी उभी होती. आधी तिला आनंद झाला, खरोखरचा, पोटापासून. एक नऊशे म्हणजे दोन सातशे. हात बरोबर होता. पहिल्या दिवशी, पहिल्या खेपेला, भुलीतून उठलेला असून बरोबर होता. आत्ता कारकुनाला फोन करावा असं वाटलं.

मग बाकीचं तिच्यापर्यंत पोचलं.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"काटा."

"आता माझाच काटा, मला नाही माहीत असणार?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. दोन सातशे म्हणून."

"तू म्हणालीस जड लागतंय." तो चहाच्या कपाकडे वळला. "जड तर मलाही लागतं सगळं. काट्याचं कुठे विचारलंस तू?"

लेक बाळाचं टोपडं सारखं करत होती. तिनं मान वर केली, आईकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात बाळानं चादर ओली केली.

"म्हणजे पोरगी दोन सातशेचीच," सासूबाईंनी निकाल दिला. "तर सहा आठवडे झाले की घे हो पोटभर. कुठे पळून चाललीय?" आणि चादर गोळा करता करता, रोजच्या सवयीनं, "जा गं, एक बादली आण. हे पिळून टाकू."

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. विहीणबाई लेकीला बाळाची मान कशी धरायची ते दाखवत होत्या.

*

अंगणात ऊन होतं. तिनं बादली नळाखाली ठेवली. पाणी पांढऱ्या रेघेपर्यंत आलं तेव्हा तिनं नळ बंद केला.

कडीला हात घातला नाही. गुडघ्यात वाकून एक तळवा बादलीच्या बुडाखाली घातला, दुसरा हात भोवती घेतला आणि बादली छातीशी उचलली. जराशी हलवली. पुन्हा खाली ठेवली, नळ किंचित सोडून चूळभर पाणी आणखी घेतलं, आणि परत उचलली.

दोन सातशे पन्नास.

घरातून सासूबाईंची हाक आली. ब्लाउज पुढून भिजत चालला होता. सातव्या पावलाला पाणी हिंदकळलं, तशी ती थांबली आणि ते शांत होईपर्यंत तिथेच उभी राहिली.